सही कोणाची, पाप कोणाचं?

२०१९ साली एकाच अवयवाबद्दल दोन ठिकाणी चर्चा चालू होती. एक रोमला, व्हॅटिकनमध्ये. दुसरी आपल्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात. दोन्हींना एकमेकींचा पत्ता नव्हता. तो अवयव म्हणजे स्त्रीचं गर्भाशय, ज्याला आमच्या जळकोटकडे सरळ 'पिशवी' म्हणतात. (जळकोट म्हणजे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं. हे हॉस्टेलमध्ये प्रत्येक नव्या रूममेटला सांगावं लागतं!) कॉलेजच्या अंकात हा कसला विषय, असं काहींना वाटेल. वाटू दे. मेसच्या चहात आपण सगळेच दिवसातून दोनदा साखर पितो, आणि हा विषय त्या साखरेतूनच येतो.

आधी रोमचं बघू. कॅथलिक चर्चची शिकवण अशी, की मूल होणं मुद्दाम, कायमचं बंद करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया नीतीला धरून नाही. मात्र अवयव रोगट झाला आणि तो ठेवला तर जीवाला धोका असेल, तर काढायला हरकत नाही. आता समजा एखाद्या बाईचं गर्भाशय असं झालं आहे, की गर्भ राहिला तरी तो जगण्याच्या अवस्थेपर्यंत टिकणारच नाही, आणि तज्ज्ञ डॉक्टरांची तशी खात्री आहे. मग ते काढावं का? धर्मसिद्धांतांवर देखरेख ठेवणाऱ्या व्हॅटिकनच्या खात्याने जानेवारी २०१९ मध्ये याचं उत्तर जाहीर केलं. उत्तर 'हो' असं होतं. कारण जिथे प्रजननाची शक्यताच संपली आहे, तिथे ती बंद केली असं म्हणता येत नाही. एकेक शब्द तोलून-मापून लिहिलेलं उत्तर आहे ते.

आणि त्याच वर्षी एप्रिलच्या सुमारास बीडच्या बातम्या यायला लागल्या. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांची पिशवी काढलेली आहे, आणि कित्येकींची वयं तिशीच्या आसपास आहेत. विधानसभेत नि विधान परिषदेत गदारोळ झाला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे दर सहा बायांमागे एक.

हे का झालं, ते ज्यांना ऊसतोड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामाआधी मुकादम त्या कोयत्याला 'उचल' देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. ती घरातल्या लग्नात, दवाखान्यात, जुन्या कर्जात संपते. मग दसरा-दिवाळीनंतर ट्रकमध्ये बिऱ्हाड टाकून पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाऊन ती उचल फेडायची. पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या. राहायला पाचटाच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या कोप्या. पाणी लांब, संडास नाही. एक दिवस गेला नाही की 'खाडा', आणि खाड्याला दंड. दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत दंड कापल्याची उदाहरणं तेव्हा बातम्यांत आली होती. आता पाळीचे चार दिवस मोजा नि हंगामाचे महिने मोजा. हिशेब आपोआप लागतो. त्यात अंगावर जाणं, दुखणं, इन्फेक्शन, आणि 'पुढे कॅन्सर होईल' म्हणून घाबरवणारा डॉक्टर. 'दोन-तीन पोरं झाली, आता पिशवीचं काय काम?' हे वाक्य बाई स्वतःच बोलते. काहींना खरोखरच आजार होता, हेही मान्य केलं पाहिजे. पण दर सहांत एक? आपल्या लेडीज हॉस्टेलमध्ये पाळीच्या दिवशी प्रॅक्टिकल बुडालं तर फार तर जर्नलवरची सही अडते. तिथे त्या दिवसांची किंमत अशी द्यावी लागली.

या दोन चर्चा मी शेजारी ठेवते आहे त्याला कारण आहे. कॅथलिक विचारात नीती ठरवण्याचे दोन मोठे रस्ते आहेत. एकाचं नाव नॅचरल लॉ, दुसऱ्याचं लिबरेशन थिऑलॉजी. हे दोन्ही एकमेकांचे वैरी असल्यासारखं बोललं जातं. एक जुना, दुसरा बंडखोर. एक पोपचा, दुसरा मार्क्सचा. माझं म्हणणं असं, की बीडची गोष्ट नीट समजून घ्यायची तर एकट्या कुठल्याच रस्त्याने जाऊन भागत नाही. आणि हे फक्त ख्रिस्ती माणसांनी समजून घ्यायचं असंही नाही.

नॅचरल लॉ म्हणजे न्यूटनचा नियम नव्हे, हे आपल्या जातीच्या (म्हणजे इंजिनिअरांच्या!) लोकांना आधी सांगायला हवं. जंगलात बळी तो कान पिळी चालतं, म्हणून आपणही तेच करावं, असंही नव्हे. आपल्याकडे 'पाण्याचा धर्म वाहणं' असं म्हणतात ना, त्या 'धर्म' शब्दाच्या जवळ जाणारी ही कल्पना आहे. थॉमस अ‍ॅक्वायनस नावाच्या साधूने तेराव्या शतकात ती नीट बांधली. हा १२७४ साली वारला, आपल्या ज्ञानेश्वर माउलींच्या जन्माच्या आदल्याच वर्षी. त्याचं म्हणणं साधारण असं: माणूस कशासाठी घडला आहे हे बुद्धीने ओळखता येतं. जगणं, मुलंबाळं वाढवणं, सत्य जाणणं, इतरांबरोबर समाजात राहणं याकडे माणसाची मूळचीच ओढ असते. या ओढींना बुद्धीने वळण देणारं ते चांगलं, त्यांना तोडणारं ते वाईट. यासाठी बायबल वाचलेलं असण्याची गरज नाही. बुद्धी असली म्हणजे झालं. म्हणूनच हा कायदा हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, नास्तिक सगळ्यांना सारखा लागू, असा त्याचा दावा आहे. राजाने केलेला कायदा या कायद्याच्या विरुद्ध असेल, तर तो कायदा नावालाच कायदा. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंगने याच अ‍ॅक्वायनसचा आधार घेतला होता, आणि किंग तर कॅथलिक नव्हता.

या कसोटीवर बीड ठेवून बघा. निरोगी अवयव काढून टाकणं म्हणजे शरीराची मोडतोड. शरीर हे कारखान्याच्या हंगामासाठी सोयीचं करून घ्यायचं हत्यार नाही, आणि पिशवी म्हणजे 'आता लागत नाही' म्हणून काढून ठेवायचा स्पेअर पार्ट नाही. इथे उत्तर अगदी स्पष्ट 'नाही' असं येतं. बाई स्वतः हो म्हणाली तरी 'नाही'. हे नॅचरल लॉचं मोठं बळ आहे. 'तिची मर्जी, तिचं शरीर, आपण कोण बोलणारे?' असं म्हणून तो खांदे उडवत नाही.

पण पुढे तो अडतो. 'नाही' कोणाला सांगायचं?

जुन्या नीतिशास्त्राच्या पुस्तकात कुठल्याही कृतीची परीक्षा तीन गोष्टींवर होते: प्रत्यक्ष कृती, करणाऱ्याचा हेतू, आणि परिस्थिती. कृती कोणाची? टेबलावर झोपलेल्या बाईची आणि सुरी धरणाऱ्या डॉक्टरची. म्हणजे कबुलीजबाबाला कोणी यायचं? ती बाई आणि तो डॉक्टर. मुकादम त्या खोलीत नाही. कारखान्याचे संचालक मंडळ नाही. संडास न बांधणारा नाही. खाड्याचा दंड ठरवणारा नाही. ते सगळे 'परिस्थिती' या तिसऱ्या रकान्यात जाऊन बसतात. कॉन्व्हेंटमध्ये मॉरल सायन्सच्या तासाला आम्ही जे शिकलो तेही याच धाटणीचं होतं: खोटं बोलू नये, कॉपी करू नये, सदसद्विवेकबुद्धीचा आवाज ऐकावा. चांगलंच होतं ते, आजही उपयोगी पडतं. पण त्यात पाप नेहमी एका माणसाचं असायचं. दहा सज्जन माणसं मिळून एक पाप करतात, आणि ते दहांपैकी कोणाच्याच वहीत मांडलेलं नसतं, याचा धडा त्या पुस्तकात नव्हता.

हा धडा लिबरेशन थिऑलॉजीने लिहिला. १९६८ च्या २५ जुलैला पोप पॉल सहावे यांनी 'ह्युमाने विते' हे पत्र काढलं. संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांना त्यात नकार होता, आणि तो नॅचरल लॉच्या आधारे होता. त्यानंतर महिन्याभरातच कोलंबियात मेदेयिन या शहरी लॅटिन अमेरिकेतले बिशप जमले. त्या परिषदेचं उद्घाटनही याच पोपनी केलं. आजूबाजूला जमीनदारी, लष्करी राजवटी, उपाशी मजूर. बिशप म्हणाले, ही नुसती गरिबी नाही. हा व्यवस्थेने केलेला अन्याय आहे, आणि अन्याय म्हणजे पाप. १९७१ साली पेरू देशातले फादर गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी त्यावर ग्रंथ लिहिला आणि या विचाराला 'लिबरेशन थिऑलॉजी', म्हणजे मुक्तीचं धर्मशास्त्र, हे नाव रूढ झालं. मुक्ती म्हटलं की आपल्याला मोक्ष आठवतो. इथे मुक्ती मेल्यानंतरची नाही. वेठीतून, उपासमारीतून, भीतीतून इथेच सुटका. इजिप्तमधल्या गुलामांना देवाने सोडवलं ही बायबलमधली गोष्ट त्यांनी शब्दशः घेतली. आणि विचाराची सुरुवात कुठून करायची, तर ग्रंथातल्या व्याख्येपासून नव्हे, सगळ्यात खाली दबलेल्या माणसापासून. आधी बघा, मग पारखा, मग करा.

स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स शिकलेल्यांना हे पटकन कळेल. शाफ्ट मोडतो तेव्हा दर वेळी कुठलातरी एक मोठा घाव बसलेला असतोच असं नाही. फटीगमध्ये प्रत्येक लोड मर्यादेच्या आतच असतो. पण तो पुन्हा पुन्हा येतो, आणि जिथे खाच आहे तिथून तडा सुरू होतो. मुकादम म्हणतो, 'मी तर नियमाने उचल दिली.' कारखाना म्हणतो, 'आमचा करार मुकादमाशी, मजुराशी नाही.' डॉक्टर म्हणतो, 'पेशंटची लेखी संमती आहे.' नवरा म्हणतो, 'तीच म्हणाली.' प्रत्येक जण आपापल्या मर्यादेच्या आत! आणि तडा गेला तो सगळ्यात पातळ जागी, बाईच्या पोटात. नॅचरल लॉ म्हणजे ड्रॉइंग: वस्तू कशी असायला हवी ते सांगणारं. लिबरेशन थिऑलॉजी म्हणजे शॉपफ्लोअरवर वाकून, टॉर्च मारून तडा कुठे आहे ते बघणं.

रोमला हे सहज पटलं नाही. १९८४ साली कार्डिनल रॅट्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या सहीने कडक सूचनापत्र निघालं. त्यातला मुख्य आक्षेप असा, की हे लोक मार्क्सकडून वर्गसंघर्ष उसना घेतात, आणि माणसाच्या मनातलं पाप विसरून सगळं खापर व्यवस्थेवर फोडतात. १९८५ मध्ये ब्राझीलचे लिओनार्दो बॉफ यांना काही काळ गप्प राहायला सांगण्यात आलं. पण १९८६ मध्ये दुसरं, बरंच मवाळ सूचनापत्र आलं, आणि १९८७ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी स्वतःच्या पत्रात 'पापाची रचना' हा शब्दप्रयोग वापरला. १९८० साली पूजाविधी चालू असताना गोळी घालून मारलेले एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना २०१८ मध्ये संतपद मिळालं. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी बरीच वर्षं गुतिएरेझच्याच पेरूत काम केलेलं आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मधलं त्यांचं पहिलं मोठं पत्र गरिबांवरच्या प्रेमाबद्दल आहे. चाळीस वर्षांत गाडी एवढी पुढे आली.

मात्र रॅट्झिंगरांचा आक्षेप अगदीच टाकाऊ नव्हता, असं मला वाटतं. मुकादम कोण असतो? बऱ्याचदा तो स्वतः कोयता चालवलेला, त्याच तांड्यातला, त्याच वस्तीतला माणूस असतो. काल दबलेला आज दाबतो. नुसतं 'गरिबाची बाजू' एवढंच सूत्र धरलं, तर मुकादमाला कुठे बसवायचं? आणि कोपीत राहणाऱ्या नवऱ्याने बायकोला मारलं तर? तो गरीब आहे, पण ती त्याच्याहून गरीब. माणूस म्हणून प्रत्येकाला काय मिळायलाच हवं, याचं आधीपासून ठरलेलं माप नसेल, तर न्याय म्हणजे फक्त पाळी बदलणं होऊन बसेल. ते माप नॅचरल लॉ देतो. तडा शोधायला टॉर्च पाहिजे हे खरं, पण तडा आहे हे ठरवायला ड्रॉइंगही लागतंच.

आता उलट बाजू. ड्रॉइंग कोण काढतो? इथे मुलगी म्हणून माझा पहिला आक्षेप आहे. खुद्द अ‍ॅक्वायनसने अ‍ॅरिस्टॉटलचं बोट धरून स्त्रीची घडण पुरुषापेक्षा उणी मानली. १५५० साली स्पेनमधल्या वायादोलिद शहरात मोठा वाद झाला. अमेरिकेतले मूळ रहिवासी 'स्वभावतःच गुलाम' आहेत, म्हणून त्यांना जिंकून घेणं योग्य, असं सेपुल्वेदा नावाचा पंडित म्हणत होता. त्याच्या विरुद्ध उभा होता बार्तोलोमे दे लास कासास, ज्याने अमेरिकेत स्वतः जमीन आणि राबणारे इंडियन बाळगले होते आणि १५१४ मध्ये सोडून दिले होते. तो म्हणाला, तीही आपल्यासारखीच बुद्धी असलेली माणसं आहेत. दोघांच्याही तोंडी 'निसर्ग' हाच शब्द! फरक एवढाच, की एकाने ती माणसं पुस्तकात वाचली होती, दुसऱ्याने त्यांना मरताना बघितलं होतं. आपल्याला हे नवीन नाही. 'ज्याचा-त्याचा स्वभावधर्म', 'ज्याचं काम त्यानेच करावं' असं सांगत आपल्याकडे किती शतकं माणसाला विहिरीवर पाणी भरू दिलं नाही! वरून बघणाऱ्याला अन्यायसुद्धा निसर्ग वाटतो. म्हणून ड्रॉइंग तपासताना खालून बघणाऱ्याचे डोळे लागतात.

हे दोन्ही एकत्र करणारा माणूस शोधायला रोमला किंवा पेरूला जायची गरज नाही. महात्मा जोतीराव फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालं. 'निर्मिका'ने सर्व स्त्री-पुरुषांना सारखंच स्वतंत्र निर्माण केलं आहे, हा त्यातला पाया. म्हणजे चक्क नॅचरल लॉ! पण फुल्यांनी तो शेतकऱ्याच्या, अस्पृश्याच्या, विधवेच्या बाजूला उभं राहून मांडला. आणि योगायोग बघा, त्याच १८९१ साली पोप लिओ तेरावे यांचं 'रेरूम नोव्हारुम' हे कामगारांविषयीचं पत्र निघालं. त्यातला एक मुद्दा मला बीडसाठीच लिहिल्यासारखा वाटतो. मालक-मजुराचा करार दोघांच्या मर्जीने झाला असला, तरी त्या कराराहून जुना असा एक निसर्गाचा न्याय आहे. मजुरी माणसाला जगवणारी हवी. आणि गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीपोटी मजुराने जाचक अटी मान्य केल्या, तर ती संमती नव्हे, ती जबरदस्तीच.

आता हॉस्टेलमध्ये या विषयावर रात्री बाराला जे तीन मुद्दे हमखास निघतात, त्यांच्याकडे येते.

पहिला: 'अगं, पण तिने सही केली ना?' याचं उत्तर वरच आलं. १८९१ च्या पोपला जे कळत होतं ते २०१९ च्या संमतीपत्रकाला कळलं नाही. उचल डोक्यावर असताना केलेली सही ही उचलीचीच सही असते. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये राज्यांना सांगितलं. चांगलं झालं. पण हा लगाम हॉस्पिटलला. उचलीला आणि खाड्याला कोण लगाम घालणार?

दुसरा मुद्दा आपल्या मेकॅनिकलवाल्यांचा: 'ऊसतोडणी यंत्र आणा, प्रश्न खतम.' यंत्राला माझा विरोध नाही. मीच मेकॅनिकलला आहे. वाकून ऊस तोडणं हे काही माणसाचं विधिलिखित नव्हे. पण यंत्र आलं की तो कोयता कुठे जाणार, हा प्रश्न यंत्राच्या किमतीत धरलेला नसतो. जिरायत जमीन, पावसाचा भरवसा नाही, गावात दुसरं काम नाही म्हणून तर तो फडात आला. त्याला काढून यंत्र बसवलं, तर बाईची पिशवी वाचेल आणि चूल विझेल. 'पारखा' हा टप्पा गाळून एकदम 'करा'वर उडी मारायची आपल्याला फार सवय आहे.

तिसरा: 'धर्मगुरूंनी देवाचं बघावं, राजकारणात कशाला पडावं?' याला उत्तर वसईत आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वर्षानुवर्षं 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, मराठीत 'सुबोध बायबल' आणणारे, आणि वसईची जमीन नि पाणी बिल्डर-टँकरवाल्यांच्या घशात जाऊ नये म्हणून 'हरित वसई संरक्षण समिती'तून लढलेले. त्यांना 'मुक्तिवादी' वगैरे शिक्का मारायचं मला कारण नाही. पण त्यांनी केलं ते नेमकं दोन्ही होतं. पाणी हे कोणा एकाच्या खिशासाठी नाही, सगळ्यांच्या जगण्यासाठी आहे, हा नॅचरल लॉ. आणि ज्यांच्या विहिरी आटत होत्या त्या बागायतदार-भूमिपुत्रांच्या बाजूने रस्त्यावर उतरणं, ही मुक्तीची रीत. हेच दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये आपल्या जिल्ह्याच्या गावी (तेव्हाचं उस्मानाबाद, आताचं धाराशिव) ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून काही गटांनी त्यांच्या निवडीला विरोध केला. ते आजारी असूनही आले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. संमेलनाध्यक्ष म्हणून ते आपल्या लक्षात आहेत. पाण्यासाठी भांडणारा पाद्री म्हणून जास्त लक्षात राहायला हवेत, कारण आपला जिल्हा टँकरचाच.

अशा वागण्याची किंमतही मोजावी लागते. झारखंडमध्ये आदिवासींसाठी आयुष्य घालवलेले जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणात यूएपीए कायद्याखाली अटक झाली. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप त्यांनी नाकारला होता. पार्किन्सनने हात थरथरायचे, म्हणून नळी असलेला पेला मागावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, ८४ व्या वर्षी, मुंबईच्या हॉस्पिटलमध्ये ते वारले, तेव्हा खटला सुरूही झालेला नव्हता. आरोपांचा निकाल कोर्टाने द्यायचा असतो. तो त्यांना मिळालाच नाही. पण थरथरत्या हाताला पेला द्यावा की नाही, हे ठरवायला कुठलं कोर्ट लागतं? एवढं तर बुद्धीने कळतं. नॅचरल लॉ, नॅचरल लॉ म्हणतात तो हाच.

'हे सगळं ख्रिस्ती लोकांचं, आपल्याला काय?' असंही कोणी म्हणेल. तर ऊसतोडीला जाणाऱ्या त्या बायांपैकी फारच थोड्या ख्रिस्ती असतील, आणि मीही चर्चमध्ये जाणारी नाही. पण विचार वापरायला धर्म बदलावा लागत नाही. फुल्यांनी थॉमस पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं तेव्हा ते काही इंग्रज झाले नाहीत. मला या दोन रस्त्यांमधून दोन सवयी घ्याव्याशा वाटतात. एक, कुणी 'हो' म्हटलं तरी माणसाच्या बाबतीत काही गोष्टी 'नाही'च असतात, हे ठणकावून सांगण्याची. दुसरी, ते 'नाही' सगळ्यात अशक्त माणसाच्या अंगावर न टाकता, वर जिथून दाब येतो तिथपर्यंत शोधत नेण्याची. पहिली सवय नसेल तर आपण सगळ्याला 'ज्याची-त्याची मर्जी' म्हणू. दुसरी नसेल तर बाईलाच पापी ठरवून मोकळे होऊ.

शेवटी एक सूचना, आणि ती हे पान वाचणाऱ्या सरांना-मॅडमना आहे. आपली इंडस्ट्रियल व्हिजिट साखर कारखान्याला जाते. मिल बघतो, बॉयलर बघतो, को-जनरेशनचा टर्बाइन बघतो, जेवतो, फोटो काढतो. कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर टोळ्यांच्या कोप्या असतात. त्या वेळापत्रकात नसतात. पुढच्या हंगामात वेळापत्रकात फक्त एक तास वाढवा. तिथे पाणी किती लांबून येतं, संडास किती माणसांमागे एक आहे, खाड्याचा दंड किती, एवढे तीन आकडे आम्ही लिहून आणू आणि व्हिजिट रिपोर्टमध्ये बॉयलरच्या एफिशियन्सीशेजारी मांडू. एफिशियन्सी काढताना आपण इनपुटमध्ये ऊस धरतो, पाणी धरतो, बगॅस धरतो. त्या बायांनी काय दिलं तेही इनपुटच आहे, आणि ते शून्य धरून काढलेलं गणित चुकीचं आहे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी